विश्लेषण : औषध कंपनीच्या एका जेवणाने प्रिस्क्रिप्शन बदलते?

कंपनीचे नाव छापलेले पेन, मोफत नमुने, एखादे जेवण... औषध कंपन्यांकडून डॉक्टरांना मिळणाऱ्या या लहानसहान गोष्टींचा रुग्णाच्या उपचारांवर परिणाम होतो का? अमेरिकेतील संशोधकांनी याचे उत्तर आकड्यांत मांडले आहे. भारतात तसे करणे आजही अवघड का आहे, याविषयी...

संशोधन काय सांगते?

‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे २ लाख ८० हजार डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि नैराश्यावरील चार ब्रँडेड औषधांचा त्यात विचार होता. कंपन्यांनी डॉक्टरांवर केलेल्या खर्चाच्या नोंदींपैकी ९५ टक्के नोंदी जेवणाच्या होत्या आणि एका जेवणाचा सरासरी खर्च २० डॉलरपेक्षाही कमी होता. तरीही एकच जेवण घेतलेल्या डॉक्टरांकडून ते ब्रँडेड औषध लिहून देण्याचे प्रमाण जेवण न घेतलेल्यांपेक्षा अधिक आढळले. जेवणांची संख्या वाढली तसे हे प्रमाणही वाढले. अर्थात, हा परस्परसंबंध आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. ते औषध आधीपासून पसंत असलेले डॉक्टरच अशा कार्यक्रमांना जात असण्याची शक्यता उरते.

डॉक्टरांना याची जाणीव असते?

२००१ मधील एका सर्वेक्षणात ६१ टक्के निवासी डॉक्टरांनी ‘आपल्यावर प्रचाराचा परिणाम होत नाही’ असे सांगितले. इतर डॉक्टरांबाबत मात्र असा विश्वास केवळ १६ टक्क्यांनाच होता. थेट लाच नसतानाही प्रचार कसा चालतो, याचा उलगडा यातून होतो. लहान भेटीतूनही परतफेडीची भावना निर्माण होते आणि भेट क्षुल्लक असल्याने सावध राहण्याची गरज वाटत नाही. कंपन्या मात्र यावर मोठा खर्च करतात. अमेरिकेत २०१६ मध्ये वैद्यकीय क्षेत्रातील एकूण विपणनावर सुमारे ३० अब्ज डॉलर खर्च झाले. त्यातील २० अब्जांहून अधिक रक्कम डॉक्टर आणि अन्य आरोग्य व्यावसायिकांसाठी होती.

हे मोजणे शक्य कसे झाले?

अमेरिकेत २०१० च्या कायद्याने कंपन्यांना डॉक्टरनिहाय खर्च जाहीर करणे बंधनकारक झाले. २०१४ पासून ही माहिती सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ती सरकारी विमा योजनेतील प्रिस्क्रिप्शनच्या नोंदींशी जोडून संशोधकांनी निष्कर्ष काढले.

भारतात नियम काय?

केंद्रीय औषधनिर्माण विभागाने मार्च २०२४ मध्ये औषध विपणनाची नवी आचारसंहिता जाहीर केली. त्यानुसार डॉक्टरांना वा त्यांच्या कुटुंबीयांना भेटवस्तू देण्यास मनाई आहे. परदेशातील परिषदांचा खर्च वक्त्यांचा अपवाद वगळता करता येत नाही. ब्रँडची आठवण करून देणारी वस्तू एक हजार रुपयांपर्यंतचीच असावी आणि एका औषधाचे वर्षाला १२ पेक्षा अधिक नमुने एका डॉक्टरला देऊ नयेत, असेही बंधन आहे. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटींवरील खर्चाला प्राप्तिकरात वजावट नाकारली होती. या ‘मोफत’ भेटींचा भार अखेर औषधाच्या किमतीवर पडतो, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले होते.

मग अडते कुठे?

आचारसंहितेमागे स्वतंत्र कायद्याचे बळ नाही. तक्रारींची सुनावणी प्रथम उद्योग संघटनांच्याच समितीपुढे होते. शिवाय कोणत्या डॉक्टरवर किती खर्च झाला, ही माहिती जनतेसाठी खुली नाही. त्यामुळे पुण्यातील ‘साथी’सारख्या संस्थांना या विषयाच्या अभ्यासासाठी वैद्यकीय प्रतिनिधी आणि डॉक्टरांच्या मुलाखतींवर भर द्यावा लागला. अशा मुलाखतींतून पद्धती कळते, प्रमाण कळत नाही.

रुग्णासाठी हा प्रश्न थेट खिशाचा आहे. भारतात औषधांचा बराचसा खर्च रुग्णच करतो आणि एकाच घटकाच्या औषधाची किंमत ब्रँडनुसार बदलते. चिठ्ठीवर महागडा ब्रँड का आला, हे तपासायचे तर आधी खर्चाची नोंद खुली व्हावी लागेल.