बोलावण्याचा अधिकार, येण्याचे बंधन

आतड्याला छिद्र पडून पोटभर पू झालेला रुग्ण रात्री टेबलवर घेतला, ऑपरेशन नीट पार पडले आणि पाचव्या दिवशी तो वॉर्डात दगावला. अशा वेळी आपण केसपेपरवर ‘सेप्टिसिमिया’ लिहितो आणि रुग्णाला उशिरा आणणाऱ्या नातेवाइकांकडे बोट दाखवतो. रुग्ण उशिरा येतात हे खरेच. पण तो बिघडू लागल्यावर आपण किती उशीर केला, हे मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये क्वचितच विचारले जाते.

अमेरिकेतील घाफेरी, बर्कमायर आणि डिमिक यांनी २००९ मध्ये ८४,७३० शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत कमी मृत्युदराच्या रुग्णालयांत २६.९ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली होती, सर्वांत जास्त मृत्युदराच्या रुग्णालयांत २४.६ टक्के. फरक फारसा नाही. मात्र गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी पहिल्या गटात १२.५ टक्के दगावले, तर दुसऱ्या गटात २१.४ टक्के. म्हणजे कौशल्याची खरी कसोटी गुंतागुंत झाल्यानंतर लागते.

यावर तक्ता आणि टीम असे दोन उपाय हमखास सुचवले जातात. ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरात असलेला ‘न्यूज’ हा स्कोअर रेस्पिरेटरी रेट, सॅच्युरेशन, सिस्टोलिक बीपी, पल्स, तापमान आणि शुद्ध यांवरून काढतात. तो ५ झाला की डॉक्टरने तातडीने पाहायचे, ७ झाला की आणीबाणी. पण तक्ता भरणाऱ्यावर विसंबून असतो. आपल्याकडे अनेक वॉर्डांत रेस्पिरेटरी रेट न मोजताच सरसकट २० लिहिला जातो आणि बिघाडाची सर्वांत आधीची खूण तिथेच हरवते.

नुसती टीम नेमूनही भागत नाही. ऑस्ट्रेलियातील २३ रुग्णालयांत झालेल्या ‘मेरिट’ चाचणीत (२००५) आपत्कालीन टीम नेमल्यावर तिला येणारे कॉल वाढले, मृत्यू मात्र लक्षणीय घटले नाहीत. निकष पूर्ण होऊनही अनेकदा टीमला बोलावलेच गेले नव्हते. ब्रिटनच्या ९३ रुग्णालयांतील ‘इपॉक’ चाचणीत (२०१९) इमर्जन्सी लॅपरॉटॉमीसाठी ३७ कलमी कार्यक्रम राबवला गेला. ९० दिवसांतील मृत्यू दोन्ही गटांत १६ टक्केच राहिले.

आमच्या मते, मधली साखळी सुटते ती फोनपाशी. सिस्टरला रुग्ण ठीक वाटत नाही, पण रात्री दोन वाजता कुणाला उठवायचे आणि उठवल्यावर काय ऐकून घ्यावे लागेल, हे तिला ठाऊक असते. रेसिडेंट ‘फ्लुइड वाढवा, सकाळी राऊंडला बघू’ म्हणतो, कारण सरांना उठवण्याची धास्ती त्यालाही असते. पल्स १३० वर गेलेली असते, लघवी घटलेली असते, आणि आतड्याचा सांधा लीक झाल्याची शंका कुणीच बोलून दाखवत नाही.

म्हणून ३७ कलमांऐवजी तीनच नियम लेखी करा. ठरलेला स्कोअर आला की सिस्टरने थेट सीनिअरला फोन करायचा. त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही, कॉल फुकट गेला तरी कुणी तिला बोलणार नाही. सीनिअरने फोनवर ऑर्डर देऊन न थांबता अर्ध्या तासात रुग्णापाशी यायचे. आणि सीटी, आयसीयू की पुन्हा पोट उघडायचे, हा निर्णय त्याच भेटीत वेळेसह लिहायचा.

एका सिस्टरवर चाळीस रुग्ण असताना हे कसे जमणार, हा आक्षेप रास्त आहे. मनुष्यबळाची मागणी सोडू नयेच. तोवर इमर्जन्सी लॅपरॉटॉमीचे रुग्ण सिस्टरच्या टेबलाजवळच्या खाटांवर ठेवता येतात आणि निदान तेवढ्यांचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजता येतो.

पुढच्या मॉर्टॅलिटी मीटिंगला अशा शेवटच्या पाच मृत्यूंचे केसपेपर काढा. प्रत्येकावर या चार गोष्टींच्या वेळा लिहा: पहिली बिघडलेली नोंद, पहिला फोन, सीनिअरची पहिली भेट आणि निर्णायक उपचार. सर्वांत मोठे अंतर जिथे दिसेल, तिथूनच सुधारणेला हात घाला.