आपण त्यांच्याकडे कधी जाणार?

माझी शाळेपासूनची मैत्रीण आखेनला शिकते. पुण्यातली चांगली नोकरी सोडून बत्तिसाव्या वर्षी तिनं तिथं मास्टर्सला प्रवेश घेतला. आइंडहोवनहून आखेन म्हणजे गाडीनं सव्वा तास, रेल्वेनं हेरलेनला गाडी बदलून दोन तासांच्या आत-बाहेर. तरीही तिच्या खोलीवर जायला मला सोळा महिने लागले. फोन रोज व्हायचा. व्हिडिओवर ती दिसायची, मागे वारली चित्र, नीट घातलेली चादर, चेहरा हसरा. तिचं सगळं बरं चाललंय असं मी धरून चालले होते.

2025 च्या फेब्रुवारीत एका शनिवारी गेले, तेव्हा समोरची भिंत पहिल्यांदा दिसली. कॅमेरा तिकडे कधी वळलाच नव्हता. खिडकीबाहेरच्या कठड्यावर पिशवीत बांधून ठेवलेलं दूध आणि अर्धा कोबी. मजल्यावरच्या सामायिक फ्रीजमधून वस्तू नाहीशा होतात, म्हणून थंडीत तिचा फ्रीज तोच. टेबलाखाली रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांची मोठी पिशवी, कारण दुकानात परत केल्या की बाटलीमागे 25 सेंट मिळतात. आणि भिंतीवर हातानं आखलेलं महिन्याचं वेळापत्रक: परीक्षा निळ्या शाईत, कामाच्या शिफ्ट लाल शाईत. त्या शनिवारच्या चौकोनातली लाल नोंद खोडलेली होती.

ती माझ्यासाठी खोडली होती. दिवसभर तिनं मला गाव दाखवलं. शार्लमेनचं कॅथेड्रल, एलिझेनब्रुनेनचं गंधकाचा वास येणारं गरम पाणी, प्रिंटेन बिस्किटांची दुकानं. कॉफीचे पैसे मला देऊ दिले नाहीत. "तू पाहुणी आहेस गं." मंगळवारी तिची परीक्षा होती, हे मला त्या कागदावरून कळलं, तिच्या तोंडून नाही.

परतीच्या गाडीत हिशोब मांडला. जर्मनीतलं किमान वेतन त्या वर्षी ताशी 12.82 युरो होतं, म्हणजे सहा तासांची शिफ्ट साधारण 77 युरोंची. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये तेव्हा वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागत आणि त्यातून महिन्याला 992 युरो हाती येत. भाडं, आरोग्यविमा, वाणसामान सगळं त्यातच. माझ्या एका भेटीत तिच्या महिन्याचा तेरावा हिस्सा गेला होता, शिवाय अभ्यासाचा एक दिवस. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

हे आपल्या मराठी मंडळाच्या अंकात लिहायचं कारण असं की आपण सगळे असंच वागतो. विद्यार्थ्यांसाठी आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य आहे: "या ना गणपतीला." ती मुलं येतात, खुर्च्या लावतात, मखर उभं करतात, आरतीला टाळ धरतात, जाताना आपण मोदकांचा डबा हातात देतो. हे चांगलंच आहे, ते थांबवा असं मी म्हणत नाही. पण तिथं इस्त्रीच्या झब्ब्यात येणारा मुलगा आपल्याला वारली चित्राचीच भिंत दाखवत असतो. दुसरी बघायची तर आपल्यालाच उठून जावं लागेल.

शिकायला गेलेल्या माणसासाठी असं उठून जाणं मराठी माणसाला नवीन नाही. 1883 च्या जूनमध्ये डॉक्टरकी शिकायला गेलेल्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा त्यांना घ्यायला त्यांच्या अमेरिकन यजमान कार्पेंटरबाई स्वतः आल्या होत्या. त्यांनी रोझेलच्या आपल्या घरी नेलं, पुढे फिलाडेल्फियाला कॉलेजात पोचवायलाही त्याच गेल्या. आणि 11 मार्च 1886 ला आनंदीबाईंना पदवी मिळाली, त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन ऐन थंडीत बोटीनं अटलांटिक ओलांडून गेल्या. पुढच्याच वर्षी, 26 फेब्रुवारीला, आनंदीबाई पुण्यात वारल्या. रमाबाईंचं ते जाणं मला या हिशोबात फार मोठं वाटतं. वेळेवर गेल्या म्हणून आनंदीबाईंचा तो दिवस त्यांना डोळ्यांदेखत पाहता आला. आपल्याला तर हेरलेनला गाडी बदलायची आहे.

मंडळात हा विषय काढला तेव्हा एक-दोघांनी म्हटलं, आता ही मुलं एकटी कुठं आहेत? 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत 49 हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, एकमेकांना सांभाळतात की. सांभाळतातही. पण सगळ्यांचीच परीक्षा एका आठवड्यात, सगळ्यांचेच पैसे महिनाअखेरीला संपलेले. तापात पडलेल्याला पेज करून द्यायला ज्याच्याकडे वेळ आणि कुकर दोन्ही आहे असं माणूस लागतं, आणि ते आपण आहोत. दुसरा आक्षेप मला जास्त पटतो: न बोलावता कुणाच्या खोलीत का घुसायचं? घुसायचं नाहीच. विचारायचं, आणि विचारताना "फिरायला येऊ का" असं विचारायचं नाही.

जुलैत मी पुन्हा गेले, तिचा पेपर दोन दिवसांवर होता तेव्हा. आधीच सांगितलं, गाव पाहिलंय, मला कुठंही न्यायचं नाही. पोहे, गोडा मसाला, कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणि माझा छोटा कुकर घेऊन गेले. धुराच्या अलार्मच्या धाकानं ती कित्येक महिन्यांत फोडणीच करत नव्हती. मजल्यावरच्या स्वयंपाकघरात खिडकी सताड उघडून मी आमटीला फोडणी दिली. ती टेबलाशी वाचत बसली, मी कॉटवर बसून कोथिंबीर निवडत राहिले. तास-दीड तास आम्ही एक शब्द बोललो नाही. जेवून ती झोपली ती थेट साडेतीन तास. उठल्यावर म्हणाली, "कुणीतरी खोलीत आहे म्हणून झोप लागली." फोडणीच्या वासानं मजल्यावरची आणखी दोन मुलं दारात येऊन उभी राहिली होती, एक नांदेडचा, एक कोल्हापूरची. त्यांनाही वाढलं.

डिसेंबरात ही मुलं सगळ्यात एकटी पडतात. 25 आणि 26 तारखेला दुकानं बंद, विद्यापीठाची मेन्झा म्हणजे खानावळ बंद, जर्मन मुलं आपापल्या घरी गेलेली, मजल्यावरचे दिवे विझलेले. आपल्यालाही नेमकी तेव्हाच सुट्टी असते.

यंदा 25 डिसेंबरला सकाळी आम्ही आइंडहोवनहून आखेनला गाडीनं निघतोय. मागच्या सीटवर दोन जागा रिकाम्या आहेत. कुकर माझ्याकडे आहे. वरण-भाताचं मी बघते, भाजी-पोळ्यांचं कुणीतरी बघा.