स्टुडिओतलं युद्ध

८ मे २०२५ ची रात्र आठवतेय? आपल्या काही चॅनलवाल्यांनी कराची बंदर उडवलं, इस्लामाबादही घेऊन टाकलं. जामनेरात मला रात्रभर फोन, "भाऊ, खरं आहे का?" सकाळी पाहिलं तर कराची जागेवरच! शेवटी १० मेला सरकारलाच सांगावं लागलं, कार्यक्रमात सायरन वाजवू नका.

रशियात हेच सरकारी टीव्हीवर चालतं. २०१४ मध्ये निवेदक दिमित्री किसेल्योव्ह म्हणाला, अमेरिकेची किरणोत्सारी राख करू शकतो. २०२२ मध्ये त्यानंच अणुहल्ल्यात ब्रिटन बुडताना पडद्यावर दाखवलं. रोज असं पाहिलं की युद्ध म्हणजे क्रिकेटची मॅच वाटायला लागते. तरी तिथल्याच चॅनल वनची मरीना ओव्स्यानिकोवा १४ मार्च २०२२ ला चालू बातम्यांत फलक घेऊन उभी राहिली: युद्ध नको, इथं तुमच्याशी खोटं बोलतात.

तिथं सरकारचा हुकूम. इथं तर टीआरपीसाठी आपणहून!

मी देशाच्या बाजूनंच आहे, म्हणून बोलतोय. आपल्या तालुक्यातली पोरं फौजेत आहेत. त्यांच्या आईसमोरही हाच टीव्ही चालू असतो. फॉरवर्ड करण्याआधी त्या माउलीचा विचार करा.