गणवेशाची कटाई आणि संगणकावरचा फर्मा

शालेय गणवेशाची खरेदी २०२५-२६ पासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२४ मध्ये घेतला. त्याआधीच्या वर्षी कापड राज्यस्तरावर घेतले गेले, शिलाई महिला बचत गटांकडे गेली, आणि गणवेश उशिरा आले, मापे चुकली, अशा तक्रारी राज्यभर झाल्या. आता हे काम मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकरच्या कापड दुकानदारांना व शिलाई कारागिरांना मिळू शकते. मिळेलच असे नाही. सोलापूरचा गणवेश उद्योग मोठा आहे आणि त्यांचा माल तयार असतो. योजनेत दोन गणवेशांसाठी ६०० रुपये धरले जात आले आहेत. एवढ्यात कापड, शिलाई, बटणे आणि नफा बसवायचा, म्हणजे जो कापड वाचवेल तोच टिकेल.

आपले कारागीर बांधव हातात हुनर असूनही येथेच मार खातात. दोनशे शर्ट कापायचे तर फर्मा दोनशे वेळा नव्हे, पण वीस-पंचवीस वेळा तरी खडूने ओढला जातो. दर वेळी रेघ सुताभर सरकते. संगणकावर मांडणी करणारा फर्मा एकदाच काढतो. बाही एक, पाठ एक, कॉलर एक. बाकी सगळ्या त्याच मूळ तुकड्याच्या जोडलेल्या प्रती. मुख्याध्यापकांनी कॉलर पाव इंच कमी करा म्हटले, तर मूळ बदलला की सगळ्या प्रती आपोआप बदलतात. पण शिकाऊ मुले बहुधा सुट्या नकला करून ठेवतात. मग प्रत्येक नक्कल वेगळी दुरुस्त करावी लागते आणि दोन-चार हमखास राहून जातात. संगणक असूनही काम खडूचेच!

कल्पना नवी नाही. जकार्डचा माग १८०४ चा. बुट्टा एकदा कार्डांवर छिद्रांनी उतरवला की पन्हाभर तोच पुन्हा पुन्हा उठतो. औरंगाबादच्या हिमरूचे विणकरही नक्षी एकदाच बांधत.

फायदा किती? समजा एकाच मापाचे शर्ट लावले तर प्रत्येकी १ मीटर ३० सेंमी कापड लागते. २८ आणि ३४ ही मापे एकत्र लावली तर मोठ्या पाठीशेजारच्या मोकळ्या जागेत लहान बाह्या बसतात आणि सरासरी १ मीटर २० सेंमीवर येते. दोनशे शर्टांत २० मीटर वाचले. ९० रुपये मीटरने १८०० रुपये. पूर्वी हे कतरन म्हणून गोणीत जात होते. आपण ज्याला इस्राफ म्हणतो, तो हाच. म्हणून एका शर्टाचा पूर्ण संच जसाच्या तसा पुढे पुढे ठेवत जाणे सोपे असले, तरी नेहमी काटकसरीचे नसते. दोन मापांचा मिळून एक संच नीट बसवावा आणि मग तोच पुढे वाढवावा.

मात्र यंत्र चूकही तेवढ्याच इमानाने वाढवते. एकदा मी बाहेरगावच्या एका कटिंगवाल्याकडे काम दिले. उजवा पुढा आरशासारखा उलटा करून ठेवायचा असतो, त्याने डावाच पुन्हा ठेवला. चाळीस शर्टांचे दोन्ही पुढे डावे! कापड साध्या रंगाचे व दोन्ही बाजूंनी सारखे होते म्हणून निभावले, एका बाजूने छापील असते तर सगळे वाया. चौकडीच्या कापडात तर प्रत्येक तुकड्याची उभी रेघ ताग्याच्या काठाशी समांतर हवी, तेथे कापड वाचवण्यासाठी तुकडा तिरपा करू नये.

ग्रिल करणाऱ्या बांधवांनाही हेच लागू आहे. एक पट्टी काढा, संख्या आणि अंतर द्या. पण चौकटीत ९ पट्ट्या म्हणजे मोकळ्या जागा १०, हे आधी मोजा.

प्रत्येक दुकानात संगणक घेणे परवडणार नाही. चार-पाच दुकानदारांनी मिळून एक घ्यावा, एका मुलाला शिकवावे, आणि उस्तादांनी त्याच्या शेजारी बसून फर्मे तपासावेत. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मापे घेण्याची बोलणी समित्यांशी मार्चमध्येच सुरू करावी लागतील.