वकील कशावर जगतो?



साखरखेर्ड्याच्या बैठकीत जमिनीचा विषय निघाला की अर्ध्या तासात बोलणं वकिलावर येतं. कोणी म्हणतं, "वकील लावला, पैसे देल्ले, अन् पेशीवर पेशी चालू हाय." कोणी म्हणतं, "तो तिकडच्या पार्टीले मिळाला." तिसरा म्हणतो, माझा वकील देवमाणूस, त्यानं गाडीभाडंसुद्धा मागितलं नाही. मग कोणता वकील चांगला अन् कोणता वाईट यावर वाद होतो. दर बैठकीत होतो आणि दर बैठकीत तिथंच राहतो.

या अंकात आम्ही दुसरा प्रश्न मांडतो. वकील माणूस कसा आहे ते राहू द्या. तो जगतो कशावर? त्याच्या घरची चूल कोण पेटवतं? हे कळलं तर तो असा का वागतो, आणि आपण त्याच्याकडे कसं जायचं, हे दोन्ही कळेल.

आपल्या वस्त्यांवर येऊन आपली डोकी, भांडी अन् देव मोजणारे अभ्यासक पुष्कळ झाले. काही अभ्यासकांनी मात्र वकिलांनाही मोजलं आहे. त्यांची मुलाखत घेतली, बाप काय करायचा ते विचारलं, कोणाच्या केसेस मिळतात ते लिहून घेतलं. त्यातून जे निघालं ते आपल्या कामाचं आहे.

आधी वकील कसा घडतो ते पाहू. बारावीनंतर पाच वर्षं, नाहीतर पदवीनंतर तीन वर्षं शिक्षण. मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद. पण सनद मिळाली म्हणजे पगार सुरू झाला असं नाही. मास्तराला, तलाठ्याला महिन्याला पगार येतो. वकिलाला पक्षकार आला तरच पैसा. नवा वकील एखाद्या सिनिअरच्या हाताखाली बसतो, तारखा घेतो, फायली वाहतो. त्याला मिळतं ते फार थोडं. ज्याचा बाप वकील, त्याला ऑफिस, पुस्तकं, जुने पक्षकार अन् मुरलेला कारकून आयता मिळतो. ज्याचा बाप मजूर, त्याला खोलीचं भाडंही जड. अशी पहिली काही वर्षं ज्याच्या घरच्यांना पोसता येतात तोच या धंद्यात टिकतो. बाकीचे नोकरी धरतात, नाहीतर मिळेल ती केस घेतात. वीस केसेस घेतल्या की एकही फाईल नीट वाचून होत नाही. मग अर्जनवीस, कारकून, दलाल यांच्यावर भार पडतो. आपल्याला कोर्टाच्या दारात पहिला भेटतो तो हाच दलाल.

हे फक्त आपल्या तालुक्यातलं नाही. मुंबईतल्या फोर्टच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात काही वकील पक्षकाराची वाट बघत उभे राहायचे. माणूस दिसला की धावायचे, कागद हिसकायचे, एकमेकांशी झोंबायचे, फी पाडून बोलायचे. महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध दाभोलकर हे प्रकरण 1975-76 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि न्यायालयानं या वागण्याला कडक शब्दांत फटकारलं. फटकारलं ते बरोबरच. पण पोट भरलेला वकील दारात धावत नाही, हेही ध्यानात ठेवा.

जातीचं काय? बाबासाहेबांचंच पाहा. लंडनहून बॅरिस्टर होऊन आले आणि 1923 साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. तिथं मोठी कामं सॉलिसिटरांच्या हातून मिळत. अस्पृश्याच्या पोराला ती कोण देणार? एवढा शिकलेला माणूस, पण प्रपंच चालवायला क्लासमध्ये शिकवावं लागलं. अशा अवस्थेतही त्यांनी महाडच्या चवदार तळ्याची केस लढवली. सत्याग्रह 1927 सालचा. हायकोर्टाचा निकाल लागला 17 मार्च 1937 रोजी. पाणी पिण्याच्या हक्कासाठी कोर्टात दहा वर्षं! ती केस टिकली कारण तिच्यामागं एकटा वकील नव्हता, उभी चळवळ होती.

दूरदेशीही असंच आढळलं. अमेरिकेतल्या शिकागो शहरात हाइन्झ आणि लॉमन या दोन अभ्यासकांनी 1975 साली 777 वकिलांना गाठून विचारपूस केली. त्यांना दिसलं की वकिली हा एक धंदा नाही, दोन आहेत. एका बाजूला कंपन्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला साध्या माणसांचे. इकडचा सहसा तिकडं जात नाही. कोण कोणत्या बाजूला पडणार हे घर, धर्म, कॉलेज यांवर बरंच ठरलेलं. आणि वकिलाची पत त्याच्या हुशारीपेक्षा तो कोणाचं काम करतो यावर ठरते. गरिबाचा वकील वकिलांच्या जगातही खालच्या ओळीत बसतो.

मार्क गॅलँटर नावाचे दुसरे एक अमेरिकन अभ्यासक. त्यांनी भारतातल्या कायद्याचा आणि वकिलांचाही पुष्कळ अभ्यास केला. 1974 साली त्यांनी एक लेख लिहिला आणि त्यात विचारलं: ज्यांच्याजवळ आधीच आहे, तेच कोर्टात पुढं का निघतात? न्यायाधीश लाच खातात म्हणून, असं उत्तर त्यांनी दिलं नाही. ते म्हणाले, कोर्टात दोन जातीचे लोक येतात. एक वारंवार येणारे, दुसरे जन्मात एकदा येणारे. वनखातं वारंवार येणारं. बँक, कंपनी, मोठा जमीनदार, सावकार हेही तसेच. त्यांचे कागद आधीच तयार असतात, वकील ठरलेला असतो, कारकून ओळखीचा असतो. एखादी केस कच्ची वाटली तर ते ती मिटवून टाकतात आणि पक्की केस वरपर्यंत नेतात, म्हणजे नियम त्यांच्या बाजूचा होतो. आपण एकदा येणारे. आपल्याला ही एकच केस, अन् तीच सगळी जमीन.

आता वकिलाच्या खुर्चीवर बसून बघा. तुम्ही त्याला एका केससाठी भेटणार. सरकारी वकील, साहेब, कारकून, समोरचा जमीनदार हे त्याला उद्याही भेटणार, परवाही भेटणार. तो विकला गेला असेल असं नाही. पण एकट्या माणसासाठी रोजच्या माणसांशी किती वाकडं घ्यायचं, हा हिशेब त्याच्या मनात चालतो. ‘तिकडच्या पार्टीले मिळाला' असं आपण म्हणतो, त्यात पुष्कळदा एवढंच असतं.

हा हिशेब कायदा करणाऱ्यांनाही कळला होता. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्रानं 1974 साली कायदा केला. त्या कायद्यात कलम 9-अ असं होतं की या सुनावणीत कोणाच्याच बाजूनं वकील उभा राहणार नाही. जमीन घेऊन बसलेले लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात 1984 च्या डिसेंबरात न्यायालयानं तो कायदा आणि ती बंदी, दोन्ही कायम ठेवलं. एका बाजूला पैसेवाला आणि त्याचा निष्णात वकील, दुसऱ्या बाजूला वकील करायची ऐपत नसलेला आदिवासी, ही झुंज बरोबरीची नाही, हे न्यायालयानं मान्य केलं.

पण वकील बाहेर ठेवला म्हणून सगळं भागत नाही. सावकाराचा कागद लिहिणारा घरी बसूनही लिहितो. अन् मोठ्या कोर्टात तर वकिलावाचून चालतच नाही. वनहक्क कायद्याविरुद्ध वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या काही संस्था 2008 सालीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. 13 फेब्रुवारी 2019 रोजी न्यायालयानं राज्यांना सांगितलं की ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून काढा. देशभरातली लाखो कुटुंबं एका आदेशानं उघड्यावर आली असती. गावागावांत, दिल्लीत ओरड झाली. केंद्र सरकारला अर्ज करावा लागला आणि 28 फेब्रुवारीला आदेशाला स्थगिती मिळाली. इतकी वर्षं ते प्रकरण चालू होतं. ज्यांच्या चुलीचा प्रश्न, त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकही नव्हतं.

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' अशी म्हण आहे. म्हण खरी, पण आपण हौसेनं चढत नाही. नाकेदार गुन्हा नोंदवतो, नोटीस येते, बुलडोझर येतो, तेव्हा आपल्याला ती पायरी चढवली जाते. मग चढायचीच असेल तर एकट्यानं का चढायची?

आमचं म्हणणं एवढंच आहे. एकटा माणूस वकिलासाठी एकदाचं गिऱ्हाईक असतो. गाव मिळून गेलं, दहा गावं मिळून गेली, की आपणही वारंवार येणारे होतो. मग कागद आपले तयार असतात, तारखा आपल्याला ठाऊक असतात आणि वकिलालाही उद्या आपल्याच लोकांना तोंड दाखवायचं असतं. डहाणूच्या कष्टकरी संघटनेच्या प्रदीप प्रभूंच्या याचिकेवर 1995 साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला: नुसत्या सरकारी कागदावर अडून बसू नका, दुसरा पुरावाही तपासा. एका माणसाच्या प्लॉटची ती केस असती तर प्लॉटापुरतीच राहिली असती. संघटनेची होती म्हणून पुष्कळांच्या उपयोगी पडली. आज वनहक्काच्या नियमात म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो, तो हक्क असाच भांडून आला.

म्हणून प्रत्येक गावानं पुढची कामं करावीत.

1. जमीन कोणती ते आधी कागदावर बघा. वनजमीन की ई-क्लास? वनजमिनीचा दावा वनहक्क कायद्यात बसतो. ई-क्लास ही महसूल खात्याची जमीन, तिचा रस्ता वेगळा. हे न बघता वकिलाकडे गेलं की पहिले सहा महिने वाया.

2. वनहक्काच्या दाव्याला वकील लागत नाही, फी लागत नाही. दावा ग्रामसभेत, तिथून उपविभागीय समितीत, तिथून कलेक्टरच्या जिल्हा समितीत. दावा फेटाळला तर कारण लेखी मिळालं पाहिजे. वरच्या समितीकडं दाद मागायला 60 दिवस असतात. दिवस मोजा. उपग्रहाच्या फोटोत शेत दिसत नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. तपासणी पुरी होईस्तोवर जमिनीवरून हटवता येत नाही, हे कलम 4(5) मध्ये आहे.

3. दंडाच्या पावत्या, पी.ओ.आर., नोटिसा फेकू नका. ज्या कागदानं तुम्हाला गुन्हेगार ठरवलं, तोच तुम्ही त्या साली त्या जमिनीवर होता हे सांगतो. गावाची एक पेटी करा, मूळ कागद तिच्यात आणि वकिलाला झेरॉक्स.

4. कोर्टाची केस असेल तर आधी तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. 1987 च्या कायद्यानं अनुसूचित जमातीच्या माणसाला, कोणत्याही समाजाच्या बाईला, उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. त्याची फी सरकार देतं. ती थोडी असते, म्हणून नवखा वकील मिळण्याचा संभव आहे. नवखा असला म्हणून घाबरू नका. कागद तयार करून द्या आणि पेशीला दोघं-तिघं सोबत जा. मागं माणसं उभी दिसली की नवखा वकीलही जोरानं बोलतो.

5. फी आधी ठरवा आणि पावती मागा. जिंकलो तर अर्धी जमीन माझी, असा सौदा वकिलाला करता येत नाही. बार कौन्सिलचा नियम आहे. फी थकली म्हणून तुमचे कागद अडवूनही ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली सांगितलं आहे.

आणखी एक गोष्ट. आपली पोरंपोरी आता बारावी होत आहेत. एखादीला वकील करायचं तर नुसतं कॉलेजात घालून भागणार नाही. सनद मिळाल्यानंतरची पहिली तीन-चार वर्षं तिला कोण पोसणार, हे गावानं आधी ठरवलं पाहिजे. घरातून एक पायली ज्वारी अन् थोडा पैसा असा निधी उभा केला तर ती दलालाच्या दारात जाणार नाही. नाहीतर तिचीही चूल तेच पेटवतील, ज्यांच्याशी आपलं भांडण आहे. आणि मग आपणच म्हणू, "आपली पोरगी तिकडच्या पार्टीले मिळाली."

पुढच्या बैठकीला ज्यांचे दावे फेटाळले त्यांनी फेटाळल्याचं पत्र, पोच आणि असतील त्या पावत्या घेऊन याव्यात. पत्रच मिळालं नसेल तर तेही सांगावं. तोही एक मुद्दा आहे. गावनिहाय यादी करू, आणि मगच वकिलाकडे जाऊ. सगळे मिळून.

जिंदाबाद.

— संपादक मंडळ