चौथ्या गटातल्या बायका

मागच्या आठवड्यात पुतण्याची बायको पुण्याहून आली होती. चहा पिता पिता म्हणाली, "काकू, आमच्या डॉक्टरीणबाई आपल्या उस्मानाबादचं नाव घेत होत्या. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवरचा फार मोठा अभ्यास तिथलाच म्हणे!" मला बरं वाटलं. भूकंप आणि दुष्काळ सोडून आपल्या जिल्ह्याचं नाव कुणीतरी घेतंय!

गोष्ट खरी आहे. फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल यांनी मिळून १९९९ पासून हे काम केलं. ४९७ गावं, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे चार गट पाडले. एकात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटात यातलं काहीच नाही. तो तुलनेसाठी.

२००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्हीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यातल्या ३४ या कॅन्सरने गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८ होत्या, त्यातल्या ६४ गेल्या. एकदाच केलेल्या तपासणीने एवढा फरक! ६४ म्हणजे माझा सातवीचा अख्खा वर्ग. (हजेरी घेऊन घेऊन मला आकडे असेच दिसतात.)

तुलना केल्याशिवाय काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. त्या काळी आपल्याकडे अशी तपासणी कुठे होत होती? म्हणजे त्यांच्या हातातलं काही काढून घेतलं असंही नाही. पुढे काही डॉक्टरांनी यावर जाहीर आक्षेप घेतला, तोही मला पटतो. पण माझं भांडण वेगळंच आहे. उत्तर मिळाल्यावर काय केलं?

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली. त्यामागच्या पुराव्यात आमच्या बायकांचा वाटा आहे. आणि आपल्या सरकारच्या २०१६ च्या कार्यक्रमात तिसऱ्या गटाची, ॲसिटिक ॲसिडची पद्धत! तिने इथे मृत्यू फारसे घटले नव्हते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी केली तेव्हा मात्र ३१ टक्के घटले. म्हणजे तीही वाया नाही, पण पुन्हा पुन्हा करायला हवी. इथे एकदा न्यायची मारामार!

शेजारची सून चाळिशीची. अंगावरून जातं, पण सांगायची लाज. म्हणते, "बाई, दुखत तर काही नाही, मग कशाला दाखवायचं?" सोमवारी तिला घेऊन आरोग्य केंद्रात जाणार आहे. रिक्षात तिला या चौथ्या गटाची गोष्ट सांगीन म्हणते.