शाळेतील खिचडी की घरचा डबा?

दरवर्षी जूनच्या मध्यास शाळा सुरू झाल्या की आपल्या दवाखान्यांत व औषधी दुकानांत एक मागणी हमखास वाढते : ‘मूल जेवत नाही, भूक लागण्याचे औषध द्या.’ नांदेड असो वा लातूर, देगलूर असो वा निलंगा, शब्द तेच असतात. या मागणीस अलीकडे एक प्रश्नही जोडून येतो : ‘मुलाला शाळेतले जेवू द्यावे, की घरून डबा द्यावा?’ पहिल्या मागणीचे उत्तर बहुधा बाटलीने दिले जाते आणि दुसऱ्या प्रश्नाची बोळवण ‘घरचे ते घरचेच’ या तीन शब्दांत होते. वस्तुतः हे दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार केल्यास पहिल्या मागणीचे प्रयोजनच पुष्कळ अंशी उरणार नाही, असे माझे मत आहे.

प्रथम या योजनेची पार्श्वभूमी पाहू. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्र शासनाने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहार योजना सुरू केली. आरंभी आपल्याकडे विद्यार्थ्यास दरमहा तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. 28 नोव्हेंबर 2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. 2021 मध्ये योजनेस ‘पीएम पोषण’ हे नाव मिळाले, तरी आपल्या भागात ती ‘शाळेची खिचडी’ म्हणूनच ओळखली जाते. पहिली ते आठवीपर्यंतच्या शासकीय, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांतील मुलांना हे अन्न मिळते. तीन ते सहा वर्षांच्या बालकांना अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतील मुलास मात्र सामान्यतः डब्यावाचून गत्यंतर नसते.

आता निर्णय कोणत्या निकषावर करावा? चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेली आठ आहारविधिविशेषायतने आपण सर्वांनी अभ्यासली आहेत. ती केवळ परीक्षेपुरती नाहीत. प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता यांपैकी काहींच्या कसोटीवर खिचडी आणि डबा हे दोन्ही लावून पाहू.

करण आणि काल यांचा विचार करता खिचडीचे पारडे जड ठरते. सकाळी सात-आठ वाजता वाफेसह बंद केलेला डबा दुपारी एकच्या सुमारास उघडतो. मराठवाड्यातील मार्च-एप्रिलच्या उन्हात प्लास्टिकच्या डब्यात पाच तास कोंडलेली भाजी-पोळी ‘उष्ण’ तर नसतेच, पण ती पर्युषित अन्नाच्या वाटेवर असते. उलट गावातील शाळेत चुलीवरून वा गॅसवरून उतरलेली खिचडी ताजी, ऊन आणि ठरलेल्या वेळी पानात पडते. ज्या माउलीस सोयाबीनच्या काढणीसाठी भल्या पहाटे शेत गाठावे लागते, तिच्या लेकरास दुपारी गरम अन्न मिळण्याची दुसरी सोय नाही.

राशीचा विचार करताना सर्वग्रह व परिग्रह दोन्ही पाहावे लागतात. पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ वा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी व 5 ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून सुमारे 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. तांदूळ आणि डाळ यांचा संयोग दोन्हींतील प्रथिनांची उणीव परस्पर भरून काढतो. या मापाशेजारी बिस्किटांचा पुडा, तळलेल्या चिप्सचे पाकीट किंवा दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया असलेला डबा ठेवून पाहावा. ‘घरचा’ म्हणून ज्याचा आपण गौरव करतो, तो डबा अनेकदा घरात शिजलेलाच नसतो, दुकानातून आलेला असतो.

देश या कसोटीवर मात्र डब्याची बाजू भक्कम आहे. आपली भूमी ज्वारीची आणि तुरीची. लातूर-उदगीरच्या डाळमिलमधून तूरडाळ देशभर जाते. मराठवाड्यातील बालकाचे ओकसात्म्य ज्वारीशी जुळलेले आहे, तर शाळेत बहुतांशी भाताचेच प्रकार होतात. 2023 हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तरीही आपल्या शाळेच्या पानात भाकरीला रोजचे स्थान मिळालेले नाही. ही उणीव घराने भरून काढावी. दुधात भिजवलेली दशमी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, वरणफळे, ज्वारीच्या लाह्या, गूळ-शेंगदाण्याचा लाडू हे पदार्थ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. यांतील कोरडे पदार्थ पाच तासांनीही बिघडत नाहीत. डबा द्यायचाच असेल तर तो असा असावा.

उपयोक्ता आणि उपयोगसंस्था यांच्या अनुषंगाने अंड्याच्या वादाचा उल्लेख आवश्यक आहे. 2023 च्या अखेरीस राज्य शासनाने आठवड्यातून एकदा अंडे, आणि जे अंडे खात नाहीत त्यांना केळी वा फळ देण्याचे ठरविले. 2025 च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी थांबविला. या वादात अंड्याच्या विरोधासाठी आयुर्वेदाचे नाव घेतले जाते, हे खेदजनक आहे. चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात कोंबडीच्या अंड्यासह पक्ष्यांच्या अंड्यांचे गुण सांगून ती सद्योबलकर म्हटली आहेत. ज्याच्या कुलाचारात ते बसत नाही त्याने घेऊ नये. परंतु जे बालक घेते, त्याच्या पानातून ते शास्त्राच्या नावाने काढले जाऊ नये.

खिचडीविषयी पालकांच्या मनात असलेल्या शंका सर्वस्वी निराधार आहेत असेही नाही. काही ठिकाणी आमटी पातळ असते, धान्य किडलेले निघते, टाकीतील पाण्याची खात्री नसते. त्यावर उपाय मात्र डब्यात पुडा टाकणे हा नव्हे. मुलांना वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह दोन-तीन प्रौढांनी अन्न चाखावे, असा नियम आहे. माता-पालकांनी पाळीपाळीने तो अमलात आणावा. तक्रार असल्यास शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावी. आणखी एक शंका तांदळात ‘प्लास्टिक’ असल्याची. ते दाणे लोह, फॉलिक आम्ल व बी-12 यांनी युक्त असे पोषणमूल्य वाढविलेले दाणे असतात. साधारणतः शंभर दाण्यांत एक या प्रमाणात ते मिसळलेले असतात. पालक हे दाणे निवडून टाकतात, तेव्हा त्यांची समजूत घालण्याचे काम आपल्याइतके कोण करू शकेल?

2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळी सुटीतही हे जेवण देण्याचा आदेश दिला. शाळेचे जेवण हा आपल्या भागात वरखर्चाचा विषय नाही, हे त्यावरून ध्यानी यावे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, तर सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के बालकांत रक्ताल्पता आहे. हीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे : जेथे शाळेत वा अंगणवाडीत ताजे अन्न शिजते आणि त्यावर गावाचे लक्ष आहे, तेथे बालकाने ते पोटभर जेवावे, घराने सकाळची न्याहारी व रात्रीची भाकरी-भाजी सांभाळावी. सोबत डबा द्यायचा तर लाडू वा शेंगदाणे एवढाच पूरक द्यावा. जेथे शाळेत अन्न मिळत नाही, तेथे डबा घरीच शिजलेला, शक्यतो कोरडा आणि स्टीलच्या भांड्यातला असावा. पाकीटबंद पदार्थास दोन्हीकडे स्थान नसावे.

अखेरीस औषधी दुकानदार बंधूंना आणि वैद्यवर्गास एक विनंती. मधल्या सुटीत पुडा, घरी येताच चहा-खारी, मग ‘जेवत नाही’ ही तक्रार, या क्रमात अग्निमांद्य कमी आणि अध्यशन अधिक असते. पहिले खाल्लेले पचण्याआधीच दुसरे पोटात गेले, तर भूक लागणार तरी कशी? अशा बालकास दीपन-पाचन औषध देणे म्हणजे भरलेल्या चुलीत आणखी लाकडे कोंबणे होय. खऱ्या अग्निमांद्यात, कृमींत, दीर्घ ज्वरानंतर औषधास निश्चित स्थान आहे. परंतु बाटली काढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : सकाळी काय खाऊन शाळेत जाते? शाळेत काय जेवते? परत आल्यावर पहिला घास कशाचा घेते? या उत्तरांनंतर दहातील काही बाटल्या कपाटातच राहतील हे मी जाणतो, आणि दुकानाचे भाडे सर्वांनाच भरावे लागते हेही जाणतो. तथापि ज्या घरातील लेकरू आपल्या सल्ल्याने भाकरीवर आले, ते घर पुढील वीस वर्षे आपला उंबरठा सोडत नाही. येत्या जूनमध्ये प्रत्येक सभासदाने आपल्या परिसरातील एका शाळेत दुपारी जाऊन तेथील घास चाखावा आणि मुख्याध्यापकांशी चार शब्द बोलावे, एवढीच अपेक्षा.